लेव्हलसाहेबांनी मोजलेला चढ

लेव्हलसाहेबांना चहा दिला की ते तो लगेच प्यायचे नाहीत. थोडा बशीत ओतायचे, बशी टेबलावर ठेवायचे आणि चहा स्थिर होईपर्यंत थांबायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून बशीच्या काठाशी डोळा नेऊन बघायचे. "बाई, तुमचं टेबल खिडकीकडं झुकलंय. त्या पायाखाली पुठ्ठा सारा." एवढं सांगून झालं की त्याच बशीतून फुर्रकन चहा संपवायचे. पहिल्यांदा मला वाटलं, चहात काही पडलंय. तुमचे आजोबा हसून म्हणाले, "अगं, तो चहात नाही, आपल्या घरात खोट शोधतोय."

मिहिर, गेल्या रविवारी तू व्हिडिओ कॉलवर म्हणालास, "आजी, आज मी ट्रेडमिलवर बारावर चाललो." मी गप्प झाले. सई ओरडली, "आजीचं नेटवर्क गेलं!" नेटवर्क गेलं नव्हतं. बारा हा आकडा ऐकला की अलीकडे माझं असं होतं. त्याचं कारण तुम्हाला फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून नीट लिहून पाठवते आहे. सई, तू तर त्यांना ओळखतेस. लहानपणी त्यांच्या लेव्हलच्या काचेतला बुडबुडा बोटानं पकडायला बघायचीस ना, तेच हे गृहस्थ.

ते सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. बालाघाटच्या घाटरस्त्यांवर आणि कालव्यांवर त्यांचा जन्म गेला. आम्ही दोघं अंबाजोगाईचं कॉलेज सोडून गावी येऊन राहिलो, त्याच्या आगेमागेच तेही निवृत्त होऊन गावी आले. आजोबांचे शाळेपासूनचे मित्र. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात टेप, मीटरभर लांबीची पट्टी आणि पितळी कडांची लेव्हल. त्यांचं खरं नाव गावात फक्त पोस्टमनला माहीत असावं. बाकी सगळ्यांना ते लेव्हलसाहेब. कुणाच्या मोरीचं पाणी तुंबलं, कुणाच्या गच्चीवर डबकं साचलं की पहिला निरोप त्यांना जायचा. ते यायचे, मोजायचे, गवंड्याला झापायचे आणि चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत.

त्यांचा एक आवडता डाव होता. लग्नात, बारशात, जिथं चार माणसं बसलेली दिसतील तिथं विचारायचे, "शंभर टक्के चढ म्हणजे केवढा हो?" लोक हात सरळ आभाळाकडे उभा करायचे. साहेब खूश होऊन मान हलवायचे. "ती भिंत झाली! शंभर पावलं पुढं गेलात आणि शंभर पावलं वर चढलात, तर शंभर टक्के. म्हणजे पंचेचाळीस अंश. भिंतीचे टक्के निघतच नाहीत, कारण भिंत तुम्हाला पुढं जाऊच देत नाही." एकदा नवरदेवाच्या मामांनी चिडून विचारलं, "हे कळून आम्हाला करायचं काय?" साहेब शांतपणे म्हणाले, "काही नाही. पोरगी कुठल्या गावात दिली ते कळतं. तुमच्या गावचा चढ नऊ टक्के आहे. वऱ्हाडाच्या बसचा क्लच जळाला तो उगाच नाही."

अंशांचे टक्के कसे करायचे, हे त्यांनीच मला शिकवलं. मी इंग्रजीची प्राध्यापक. गणिताशी माझं जन्मभर लांबून नमस्काराचं नातं. पण ते म्हणाले, "बाई, पावकी झाली, निमकी झाली, दिडकी झाली. मास्तरांनी एक पाढा शिकवायचा ठेवला, तो मी देतो. पावणेदोनकी." अंशांना पावणेदोननं गुणलं की टक्के मिळतात. चढ फार उभा नसेल तर हिशेब बरोबर येतो, उभा झाला की हळूहळू कमी भरायला लागतो. टक्क्यांना पावणेदोननं भागलं की उलट अंश. मुलांनो, हे तुम्ही फोनवर करून बघा. जमतं.

आणि त्यांची सगळ्यात मोठी शिकवण अशी, की आकड्याला आडनाव पाहिजे. बाजारात भाजीवाली "वीस" म्हणाली की हे विचारणार, "वीस काय? वर्षं?" ती म्हणायची, "वीस रुपये पाव, साहेब. तुमी तेवढे आडाणी ऱ्हायले." आजोबांचा ताप मोजून मी "एकशे एक" म्हटलं, तर म्हणाले, "फॅरेनहाइट म्हणा. नाहीतर पाणी उकळायला लागलं म्हणायचं." बाराला तीन आडनावं असतात, असं ते सांगायचे. एकास बारा म्हणजे बारा फूट चालल्यावर एक फूट चढ. तो आजारी माणसाचा. बारा टक्के म्हणजे शंभर फुटांना बारा फूट. तो बैलाचा, तोंडाला फेस आणणारा. आणि बारा अंश म्हणजे शंभराला जवळजवळ एकवीस. "तो शेळीचा, बाई. तिथं माणसानं जाऊ नये." मिहिर, तुझ्या ट्रेडमिलचा बारा हा बैलाचा आहे. जपून चाल.

आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा गवंड्यानं अंगणात चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधली. आखूड आणि उभी, दारापासून सुटली की थेट फाटकात. साहेब संध्याकाळी आले, पट्टी लावली, लेव्हल ठेवली आणि एक शब्द न बोलता शेजारची पहार घेऊन तिच्यावर घाव घातला. सिमेंट अजून ओलं होतं. गवंडी बोंबलत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दोरी मारली. नवी उतरण सगळं अंगण ओलांडून, माझे मोगऱ्याचे दोन्ही वाफे गिळून, एक वळण घेऊन फाटकाशी पोचली. मी मोगऱ्यासाठी कुरकुरले तर म्हणाले, "लांबी द्या बाई. लांबी दिली की चढ विरघळतो." आजोबा शेवटपर्यंत त्या उतरणीवरून स्वतः खुर्ची ढकलत फाटकापर्यंत जात होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडत होते. त्या आनंदासाठी मी या माणसाला काहीही माफ केलं असतं, असं मला वाटायचं.

आता वरच्या वस्तीबद्दल. आपल्या गावामागच्या टेकडीवर ती वस्ती आहे, तुम्ही लहानपणी तिथं पतंग उडवायला जायचात. तिथली घरं ऊसतोडीला जाणाऱ्यांची. दसरा झाला की टोळ्या निघतात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. मधले महिने वर फक्त म्हातारी माणसं राहतात. त्यांना पाणी खालून न्यावं लागतं. आजारी पडलं तर बाजेवर घालून खाली आणावं लागतं, आणि बाज उचलणारे खांदे तर सगळे फडावर. म्हणून वस्तीला रस्ता हवा होता. टँकर चढावा, ॲम्ब्युलन्स चढावी, एवढंच मागणं होतं. या मागणीमागे सगळ्यात जास्त चपला झिजवल्या त्या मुक्ताबाईंनी. त्या वस्तीवरच्या. त्यांची सासू डोळ्यांनी अधू, आणि दर वर्षी तिला एकटी सोडून जाताना मुक्ताबाई माझ्या दारात येऊन बसायच्या. "बाई, फोन लावत ऱ्हावा. तिनं न्हाई उचलला तर कुनाला तरी वर पाठवा."

शेवटी रस्ता मंजूर झाला. वाटा दोन होत्या. एक सरळ, गायरानातून टेकडीला भिडणारी. दुसरी लांबची, टेकडीला वळसा घालून आरामात चढणारी, पण ती सीताफळांच्या एका बागेतून जात होती. ती बाग लेव्हलसाहेबांच्या मुलीच्या सासऱ्यांची होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण मोजणारे लेव्हलसाहेब होते. रस्त्याचं काम बघणाऱ्या सरकारी खात्यातल्या तरुण इंजिनिअरनं सांगितलं होतं, "चढ बारा टक्क्यांच्या आत असेल तर सरळ रस्ता करू. वर गेला तर वळसा घ्यावाच लागेल. मोजणी तुमच्या साहेबांनी केली तरी मला चालेल, त्यांचा हात माझ्यापेक्षा पक्का आहे."

शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. साहेब उभे राहिले. पिशवी खांद्यालाच होती. "मोजला. तीन ठिकाणी मोजला," ते म्हणाले. "बारा भरला."

सरपंचांनी टेबलावर थाप मारली. "मग झालं! बसतंय की!"

मुक्ताबाई बायकांच्या घोळक्यातून उठल्या. त्यांना साहेबांच्या आकड्यात रस नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, बारा म्हंजी टँकर चढंल का?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब माझ्याकडेच बघत होते, अगदी एकटक. मला वाटलं, म्हातारा माझ्या तोंडून ऐकायला उत्सुक आहे, आपल्या विद्यार्थिनीकडून. मी म्हणाले, "चढेल, मुक्ताबाई. साहेबांनी मोजलंय."

सगळ्यांनी हात वर केले.

उन्हाळ्यात सिमेंटचा रस्ता झाला. पांढरा, गुळगुळीत, टेकडीच्या अंगावर सरळ आखलेला. फीत कापली, पेढे वाटले. टँकर आला, अर्ध्यात गेला, घरघरला आणि मागे सरकायला लागला. ड्रायव्हरनं तो कसाबसा खाली आणला आणि उतरून हात जोडले. "माझी लेकरं ल्हान हायती." पुढं ॲम्ब्युलन्स आली, तिनं तर पायथ्याशीच मान टाकली. गाव ठेकेदाराला शिव्या देऊ लागलं. मीही देत होते. साहेबांच्या घरी जाऊन मी त्यांचंच सांत्वन केलं, "तुम्ही मोजलेलं ठेकेदारानं बिघडवलं हो." ते म्हणाले, "असतं एकेकाचं नशीब." मला ते त्यांच्या मोठेपणासारखं वाटलं.

पावसाळ्यात मुक्ताबाई आल्या. गुडघा सुजलेला. रस्त्यावर घसरल्या होत्या.

"पहिली पायवाट बरी व्हती, बाई. दगडाला पाय तरी अडायचा. ह्येच्यावर घागर बी घसरती आन् आमी बी. शेळ्या तेवढ्या खुशीत चढत्यात."

मी विचारलं, "काय म्हणालात?"

"शेळ्या. त्येंच्यासाठीच बांधलाय जनू."

त्या गेल्यावर मी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. मग कपाट उघडलं. आजोबांची उतरण झाली तेव्हा साहेबांनी त्यांची एक जुनी लेव्हल मला दिली होती. "घरात असावी, औषधासारखी." ती घेतली, मीटरची पट्टी घेतली, काठी घेतली आणि रिक्षानं टेकडीच्या पायथ्याशी गेले. पट्टीचं एक टोक चढाकडे टेकवलं. पट्टीवर लेव्हल ठेवून दुसरं टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचललं. मग त्या उचललेल्या टोकाखालची उंची मोजली. पट्टी मीटरची असेल तर जितके सेंटीमीटर तितके टक्के. हीसुद्धा त्यांचीच शिकवण. एकवीस. थोडं वर जाऊन पुन्हा मोजलं. एकवीसच. मी रस्त्याच्या कडेला बसले आणि एकविसाला पावणेदोननं भागलं.

बारा.

मुलांनो, माझी अवस्था कशी झाली ते तुम्हाला सांगता येणं कठीण आहे. ते खोटं बोलले असते, आठ किंवा दहा असं काही ठोकून दिलं असतं, तर मी समजू शकले असते. म्हातारपणी नजर चुकली, हात थरथरला, लेकीच्या मायेनं आकडा घसरला. पण त्यांनी मोजमाप अगदी चोख केलं होतं. खरा आकडा काढला होता, आणि मग त्याचं आडनाव तेवढं सभेच्या दाराबाहेर ठेवलं होतं.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते.

"साहेब, चढ एकवीस टक्के आहे."

"हो," ते म्हणाले. आश्चर्य वगैरे काही नाही.

"तुम्ही सभेत बारा म्हणालात."

"बारा अंश. अंशाच्या दहाव्या भागाचाही फरक नाही. मोजून बघा."

"बघूनच आले. अंश म्हणाला नाहीत तुम्ही."

"कुणी विचारलं नाही."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, ऐकत असाव्यात.  साहेब खाली मान घालून म्हणाले, "पोरीच्या सासऱ्यानं निरोप धाडला होता. बागेतून रस्ता गेला तर तुमची लेक तुमच्या दारात. मी काय करायचं होतं, बाई?"

"हेच सभेत सांगायचं होतं. मुक्ताबाई स्वतः म्हणाल्या असत्या, साहेब, बागेच्या बांधानं न्या, आणखी लांबून न्या, आम्ही थांबतो. त्यांनाही लेकी आहेत."

"आणि गावानं काय म्हटलं असतं? लेव्हलसाहेबानं घरच्यासाठी मोजणी वाकवली?"

"वाकवली नाहीत का?"

ते एकदम वर बघून म्हणाले, "आकडा नाही वाकवला. आणि बाई, त्या सभेत कशाचे बारा असं विचारू शकणारं माणूस एकच होतं. मी तुमच्याकडं बघत होतो. तुम्ही विचाराल असं वाटलं होतं. विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं."

म्हणजे ती नजर उत्सुकतेची नव्हती. मी विचारते की नाही, हे ते बघत होते. आणि मी त्यांच्यावर विसंबून मान हलवणार, हेही त्यांना ठाऊक असणार. दुसऱ्याचा कल ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी स्वतःची अब्रू जपली ती माझी अब्रू गहाण टाकून. वर आता ते मलाच सांगत होते की चूक विद्यार्थिनीची.  पिशवीतून ती जुनी लेव्हल काढली, त्यांच्या शेजारी ओसरीवर ठेवली आणि घरी आले.

मुक्ताबाईंना मी सगळं सांगितलं. अंश, टक्के, बाग, सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "त्ये मला काय कळत न्हाई बाई. साहेबाला मी नीट वळखत बी न्हाई. आमी हात वर केला त्यो तुमच्या सांगन्यावर." त्या वाक्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आम्ही अर्ज केले, बीडला खेपा घातल्या. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर. वस्तीला पक्का रस्ता आहे, हे घ्या त्याचे फोटो. फोटोत रस्ता सपाट दिसतो. एकदा झालेला रस्ता पुन्हा मंजूर होत नाही.

म्हणून दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघायच्या तोंडावर, वस्तीच्या बायकांनी रस्त्याच्या कडेनं दगडी पायऱ्या रचायला घेतल्या. टँकर खालीच रिकामा होणार आणि म्हातारी माणसं वरच राहणार, तर निदान त्यांना पायरी-पायरीनं उतरता यावं. वाकायचं काम माझ्यानं होत नव्हतं. मी मधल्या टप्प्यावर एका दगडावर बसून चहाची किटली सांभाळत होते.

दुपारी साहेब आले. खांद्याला पिशवी. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ते पायथ्याशी उभे राहून रचलेल्या पायऱ्या बघत राहिले, मग पिशवीत हात घालत म्हणाले, "पायरी सहा इंचांच्या वर नको. दोरी मारून देतो, म्हणजे..."

मुक्ताबाईंनी वरूनच सांगितलं, "साहेब, आकडा नगं. दगड उचला."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा हात पिशवीतच राहिला. त्यांनी पिशवी उतरवून बाभळीला अडकवली आणि खरंच एक दगड उचलला. पोटाशी धरून, पांढऱ्या सिमेंटवरून, त्यांनीच मोजलेल्या चढावरून ते वर येऊ लागले. चार पावलं टाकून थांबत होते. मी बसले होते तिथंवर पोचेपर्यंत त्यांचा चेहरा पिवळा पडला होता. त्यांनी दगड खाली ठेवला, सरळ व्हायला गेले आणि त्यांचा पाय सरकला. ते एका गुडघ्यावर आले. सगळ्यात जवळ मीच होते.

"बाई," ते म्हणाले, "हात द्या."

दिवाळीनंतर ते पुण्याला मुलाकडे राहायला गेले, ते मला न भेटताच. त्यामुळे त्यांनी माझ्याशी बोललेले हे शेवटचे शब्द. आजोबांची आठवण मला त्या क्षणीसुद्धा झाली. फाटकाशी खुर्चीत बसून भांडणारे आजोबा, आणि त्यांच्या मागे दोरी गुंडाळत उभा असलेला हा माणूस. तरी मी उठले नाही.

मुक्ताबाई सुजल्या गुडघ्यानं दोन पायऱ्या उतरून आल्या. "धरा साहेब," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात दिला.